उभारताना विचारले नाही, मोडताना तरी विचारा



परळीचे जुने थर्मल थंड झाले. १९७१-७२ मध्ये ३० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. १९८०, १९८५ आणि १९८७ साली २१० मेगावॉटचे आणखी तीन आले. पाचांचे मिळून ६९० मेगावॉट. यातला एकही संच आज वीज करीत नाही. २००७, २०१० आणि २०१६ सालचे, प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन नवे संच तेवढे उरले आहेत.

संच बंद पडला की त्याचे लोखंड भंगारात जाते, तांबे लिलावात जाते. जमीन कुठेच जात नाही. पन्नास वर्षांत तिच्यात जे मुरले, तेही जात नाही. मग या जमिनीचे पुढे काय करायचे? सौर पटले लावायची, औद्योगिक वसाहत काढायची, गोदामे बांधायची, की झाडे लावायची? आणि हे ठरवायचे कोणी?

आमचे म्हणणे तीन शब्दांत सांगतो. मोजणी, सफाई, मांडणी. आधी माती आणि पाणी मोजा. मग ज्याने घाण केली त्याच्या खर्चाने साफ करा. त्यानंतर तिथे काय मांडायचे ते भोवतालच्या गावांना विचारून ठरवा. हा क्रम उलटा झाला की शेतकरी फसला म्हणून समजा. आणि सरकारी कारभारात हा क्रम नेहमी उलटाच असतो.

तेव्हा कोणी विचारले?

परळीची जमीन घेतली गेली तेव्हा १८९४ चा इंग्रजांचा कायदा लागू होता. 'सार्वजनिक हित' असा शिक्का मारला की काम झाले. प्रकल्पापूर्वी जनसुनावणी घेण्याचे बंधन या देशात १९९७ साली आले. म्हणजे जुन्या पाचही संचांच्या वेळी गावाला तोंड उघडायला जागाच नव्हती.

वीज तारेवरून राज्यभर गेली. राख बहुतेक इथेच राहिली. पाण्याचेही तसेच. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावे लागले. ज्या मुलखात माणसाच्या घशाला कोरड पडते, त्या मुलखात पाणी पिणारा कारखाना आणून ठेवण्याचे शहाणपण ज्यांनी केले, ते आता निवृत्तिवेतन घेत असतील. भोग मात्र गावाच्या वाट्याला आहेत.

आता केंद्र मोडण्याची पाळी आली, तरी स्थिती फारशी बदललेली नाही. नवा कारखाना उभारायचा तर जनसुनावणी लागते. जुना मोडायचा तर लागत नाही. त्याच जागी सौर पटले लावायची म्हटली, तर सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीची अट नाही, म्हणजे सुनावणीही नाही. आम्ही सौर विजेच्या विरोधात नाही. पण स्वच्छ विजेच्या नावाखाली अस्वच्छ जमीन झाकून टाकता येते, आणि तेही कोणाला न विचारता, हे शेतकऱ्याने ओळखले पाहिजे.

राखेचा हिशेब

हिशेब आपणच मांडू. एक युनिट वीज करायला अदमासे ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात साधारण तिसरा हिस्सा राख निघते, कधी त्याहूनही जास्त. २१० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर पन्नास लाख युनिट वीज होते. त्याला साडेतीन हजार टन कोळसा लागतो आणि मागे बाराशे टन राख राहते. वीस टनांची गाडी धरली तर रोज साठ गाड्या. एका संचाच्या, एका दिवसाच्या. असे संच पंचवीस-तीस वर्षे चालले. ही राख पाण्यात कालवून नळाने दाऊतपूर आणि दादाहरी वडगावच्या बाजूच्या तळ्यांत सोडली. पाणी आटले की तीच राख वाऱ्यावर उडते.

वैजनाथाच्या कपाळी भस्म शोभते. कपाशीच्या पानाला ते शोभत नाही. पानावर राखेचा थर बसला की त्याची छिद्रे बुजतात, ऊन कमी पोचते, पान अन्न करू शकत नाही. उमललेल्या बोंडावर राख बसली की व्यापारी कापूस हातात घेतो आणि भाव पाडतो. कडब्यावर बसली की ती जनावराच्या पोटात जाते.

पण दिसते ते नुकसान थोडे. न दिसणारे मोठे. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम, सेलेनियम आणि बोरॉन हे पदार्थ थोड्याथोड्या प्रमाणात असतात. तळ्यात पाणी साचून राहिले की त्यातले काही विरघळतात आणि खाली झिरपतात. आपली काळी उन्हाळ्यात भेगाळते. काळीखाली मुरूम, मुरमाखाली फुटका काळा पाषाण. पाणी या पाषाणाच्या सांध्यांतून वाट काढते. त्यामुळे तळ्याजवळची विहीर चांगली राहते आणि पंधरा शेते पलीकडची बिघडते, असेही घडू शकते. एका विहिरीचे एक बाटलीभर पाणी तपासून 'सर्व ठीक' असे प्रमाणपत्र देणे म्हणजे एका बोंडावरून साऱ्या रानाचा उतारा सांगणे.

आमच्यापैकी काहींनी शेतीशास्त्राची पदवी घेतली आहे. त्या शिक्षणातली एक गोष्ट इथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. साहेब येतात, बांधावर उभे राहतात आणि म्हणतात, "पीक तर हिरवे आहे, मग तक्रार कसली?" कपाशी आणि ज्वारी ही दोन्ही पिके बोरॉन पुष्कळ सोसतात. मूग सोसत नाही. लिंबू तर मुळीच सोसत नाही, त्याचे पान टोकाकडून करपत येते. तेव्हा कपाशी उभी आहे यावरून माती निर्दोष ठरत नाही. आपले पीक चिवट आहे एवढेच ठरते. आपल्या पिकाचा चिवटपणा हा दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचा दाखला म्हणून वापरू देऊ नका. आणि आर्सेनिक तर पीक पाहून कळतच नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही. प्रयोगशाळेतच कळते.

शिवाय जुन्या केंद्राच्या आवारात एकटी राख नसते. कोळशाचे आवार असते, तेलाच्या टाक्या असतात, रोहित्रांचे जुने तेल असते. त्या काळच्या बॉयलरांना आणि वाफेच्या नळांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टण घालण्याची पद्धत होती. हे सारे उपसताना वाऱ्यावर कोण उभे असते? रोजंदारीचा मजूर आणि शेजारच्या शेतातली वेचणीची बाई.

राखेवर झाडे लावण्याची युक्ती

३१ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने राखेविषयी नवी अधिसूचना काढली. साठलेली जुनी राख दहा वर्षांत वापरून संपवा, न वापरलेल्या राखेला टनामागे १००० रुपये दंड, असे तिच्यात आहे. वाचायला चांगले वाटते. पण त्यातच एक खिडकी ठेवली आहे. राखेचे तळे पक्के करून त्यावर हरित पट्टा केला आणि तसे प्रमाणपत्र मिळवले, तर त्या तळ्यातली राख उचलण्याचे बंधन राहत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. वर वीतभर माती, तिच्यावर रोपे, फाटकावर फलक आणि फीत कापायला पुढारी. खाली राख तशीच आणि झिरपणेही तसेच. झाडाला आमचा विरोध नाही. पण जखम न धुता तिच्यावर पट्टी बांधणाऱ्या वैद्याला गावात कोणी वैद्य म्हणत नाही. तळ्याखालचे आणि तळ्याभोवतीचे पाणी मोजून ते शुद्ध निघाले, तर झाडे जरूर लावा. रोपे आम्ही आणून देऊ.

इतरांचे काय झाले ते पाहा

आपला कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जायचा, त्यांच्या जमिनीचे काय झाले ते आठवा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने सांगितले की, गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची, बांधकामाखालची मालकाकडे. वाटा आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. कागदावरचा हक्क राखायला माणसे उभी नसली की तो कसा झिजतो, याचे हे उदाहरण.

दुसरे उदाहरण भोपाळचे. युनियन कार्बाइडचा तो कारखाना कीटकनाशकांचा होता. कपाशीवर फवारले जाणारे कार्बारिल, म्हणजे 'सेविन', तिथे होत असे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. कारखाना बंद झाला, विष आवारातच राहिले. पोत्यांत भरून ठेवलेला ३३७ टन कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडले. म्हणजे चाळीस वर्षे. आणि हलवला कुठे? पीथमपूरला. तिथल्या लोकांना विश्वासात घेतले नव्हते. गाव रस्त्यावर आले, बंद झाला, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतले. शेवटी न्यायालयाच्या देखरेखीखाली जून २०२५ अखेर तो जाळला. भोपाळच्या आवारातली दूषित माती आणि भोवतालचे दूषित पाणी यांचा प्रश्न त्यानंतरही उरलाच. एका गावची घाण न विचारता दुसऱ्या गावाच्या दारात टाकणे याला सफाई म्हणत नाहीत. उद्या परळीची राख उचलून कोणा दुसऱ्या गावच्या खदानीत ओतली, तर त्या गावाच्या बाजूने उभे राहणारे पहिले आम्ही असू.

तिसरे उदाहरण आपल्याच राज्यातले, नागपूर जिल्ह्यातले. खापरखेडा केंद्राची राख नांदगावच्या तळ्यात पडू लागली. गावकरी, कार्यकर्ते आणि अभ्यासक एकत्र आले. कोराडी-खापरखेड्याच्या गावांतले पाण्याचे नमुने तपासले आणि २०२१ साली अहवाल छापून लोकांपुढे ठेवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या वेळचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे गेले आणि नांदगावात राख टाकणे थांबवण्याचा आदेश निघाला. हे आपोआप घडले नाही. गावाच्या हातात आकडे होते म्हणून घडले. त्याच वर्षी जुलैत कोराडीच्या खसाळा तळ्याचा बांध पावसात फुटला आणि राखेचा चिखल गावांत, शेतांत शिरला. तळे जुने झाले म्हणून ते निजत नाही, हेही त्याच मुलखाने दाखवले.

'रोजगार येईल' म्हणणाऱ्यांना

काही मंडळी म्हणतात, "राखेचा बाऊ कशाला करता? राख विकते, तिच्यावर वीटभट्ट्या चालतात, पोरांना काम मिळते." बरोबर आहे. राखेची वीट होते, सिमेंट होते, रस्त्याचा भराव होतो. राख उचलली जावी हीच आमची मागणी आहे. प्रश्न असा की उचलतो कोण, कोणत्या हिशेबाने आणि कोणाच्या धाकाने? ९ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या खंडणीखोरीबरोबर परळीच्या राखेच्या धंद्याचीही चर्चा राज्यभर झाली. जिथे ग्रामसभेचा हिशेब नसतो, तिथे दांडगाईचा हिशेब चालतो. उघड्या हायवांतून राख सांडत जाते, रस्त्याकडेची शेते पांढरी होतात आणि पैसा मूठभरांच्या घरात जातो. याला रोजगार म्हणायचे असेल तर त्या शब्दाचीच कीव येते.

दुसरे काही म्हणतात, "जमीन मूळ मालकांना परत द्या." ही घोषणा ऐकायला गोड आहे. पण आम्ही शेतकऱ्याला खोटी आशा लावणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षे न वापरलेली जमीन परत देण्याचे किंवा जमीन बँकेत घालण्याचे कलम १०१ आहे, पण ते त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीपुरते. जुन्या संपादनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली केरळच्या एका खटल्यात सांगितले की, ती जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरावी, नाहीतर लिलाव करावा. आणि समजा दिलीच, तर राख मुरलेले रान घेऊन पोराला काय पेरायला सांगणार? सातबारा कोरा करता येतो. माती तशी कोरी होत नाही. म्हणून साफ न केलेली जमीन फुकट मिळाली तरी घेऊ नका.

हातात काय आहे?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांत आपल्या उपयोगाची गोष्ट अशी. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने, स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून, संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे पाठवायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. म्हणजे कुलपाची किल्ली तक्रारीत आहे आणि तक्रार करणे आपल्या हातात आहे.

पण मेख दोन ठिकाणी आहे. एक, जागा दूषित ठरल्यावर ती किती दिवसांत साफ करायची याची मुदत नियमांनी घातलेली नाही. हे नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम जेमतेम सात ठिकाणी सुरू झाले होते. दोन, २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत औष्णिक केंद्राची राख 'प्रमाण मोठे, परिणाम कमी' असे म्हणून घातक यादीतून वगळली आहे. कोणाच्या मते परिणाम कमी? ज्याच्या विहिरीत ती उतरली त्याला कोणी विचारले होते? साहेब उद्या या शब्दांच्या आड लपतील. म्हणून तक्रारीत नुसते 'राख' असे लिहू नका. आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम, जुने तेल, ॲस्बेस्टॉस अशी नावे घेऊन मातीची आणि पाण्याची तपासणी मागा.

खर्चाचाही मुद्दा निकालात निघालेला आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रसायनाच्या कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्याने घाण केली त्याने भरपाई द्यायची आणि सफाईचा खर्चही सोसायचा. परळीत अडचण एवढीच की राख करणारी कंपनी सरकारची, मोजणारे मंडळ सरकारचे आणि दंड करणारेही सरकारच. म्हणून तिथे चौथा माणूस लागतो. तो म्हणजे गाव.

आणि गाव म्हणजे कोण, हेही बोलून ठेवू. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गाव निम्मे रिकामे असते. त्या दिवशी हात वर करून घेतलेली संमती ही गावाची संमती नव्हे.

जिल्हा मेळाव्यात मांडायचा ठराव

१. परळीच्या बंद संचांच्या जागेची आणि राखेच्या सर्व तळ्यांची नोंद संशयित दूषित जागा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी प्रदूषण मंडळाकडे पाठवावी.

२. भोवतालच्या गावांतल्या विहिरी आणि बोअर यांचे नमुने पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा घ्यावेत. नमुना घेताना गावाचे दोन प्रतिनिधी हजर असावेत. नमुन्याचा एक भाग गावाच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत जावा.

३. निकाल मराठीत, विहीरवार, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

४. सफाईचा सारा खर्च वीज कंपनीने करावा. तो वीजबिलातून ग्राहकाच्या माथी मारू नये.

५. राख झाकलेल्या गाडीतूनच जावी. रोज किती राख, कोणी, कुठे नेली याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा.

६. सफाईचा दाखला मिळण्यापूर्वी या जागेवर कोणताही नवा प्रकल्प, भाडेपट्टा किंवा लिलाव होऊ नये.

७. पुढचा वापर विशेष ग्रामसभांतून ठरावा. या सभा ऊसतोड मजूर घरी असतील तेव्हा, म्हणजे मे ते दसरा या काळातच घ्याव्यात. ज्यांच्या जमिनी गेल्या ती घरे, भूमिहीन आणि बाया यांचे म्हणणे वेगळे नोंदवावे.

ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नाही, असे कोणी तरी उठून सांगेल. कायद्याच्या भाषेत ते खरेही असेल. नांदगावचा आवाजही कोणावर बंधनकारक नव्हता. तरी राख थांबली.

मेळाव्याला येताना आपल्या विहिरीचे पाणी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत आणा. बाटलीवर गाव, गट क्रमांक आणि तारीख लिहा. पहिली मोजणी तिथूनच सुरू करू.